करवत थांबेपर्यंत

७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

वखारीतली करवत तुला आठवते का? शाळेच्या भिंतीला लागूनच ती लाकडाची वखार. ओंडका पुढे सरकू लागला की आधी नुसती गुणगुण. मग दात लाकडात शिरले की असा काही कर्कश सूर लागायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आणि ओंडका दुभंगला की एकदम शांत. त्या शांततेत भुसा खाली पडतानाचा आवाज ऐकू यायचा, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. भुशाचा कसला आलाय आवाज? पण मला तो अजून येतो.

बाईंनी कविता सुरू करायची आणि वखारवाल्याने करवत, हे जणू ठरलेलंच.

*कुंपणावर कोण आलं?*
*ऊन आलं, ऊन आलं.*

एवढं म्हणून झालं की बाई पट्टी वर धरायच्या. आम्ही चाळीस पोरं तोंडं मिटून करवत थांबायची वाट बघायचो. थांबली की बाईंची पट्टी टेबलावर एकदा टक्, आमची बोटं बाकावर एकदा टक्, आणि मग पुढे:

*उन्हामागून कोण आलं?*
*खारूताईचं शेपूट आलं.*

पुढे वखारीला कुलूप लागलं, यंत्र भंगारात गेलं, पण ते थांबणं काही गेलं नाही. तुमच्या वर्गालाही बाईंनी तसंच शिकवलं. तू त्याच खोलीत शिक्षिका म्हणून उभी राहिलीस तेव्हा तूही तसंच शिकवलंस. तुमच्या देशात ही कविता प्रत्येक शाळेत तिसरीला आहे आणि सगळे ती सरळ एका दमात म्हणतात. मध्येच एक ओंडका कापून होईपर्यंत थांबणारे फक्त आपल्या शाळेतले.

मी सरहद्दीवरचा पूल ओलांडून इकडे आलो त्याला एकेचाळीस वर्षं झाली. तुझं शेवटचं पत्र येऊन एकोणीस. त्यात एकच ओळ होती. पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. टपाल बंद आहे, म्हणजे हे पत्रही तुला मिळायचं नाही. तरी लिहितो. तुझी वहिनी गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच आहेत आणि त्या फार विचारी आहेत, उत्तर देत नाहीत.

एक सांगायचं म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला पुन्हा विद्यार्थी मिळालेत. कसले, कुठले, ते सावकाश लिहीन. सरकारने रेडिओसुद्धा दिलाय. त्यावर तुमच्याकडची स्टेशनं स्वच्छ लागतात.

परवा त्यावरच बस स्थानकावरच्या हल्ल्याचं ऐकलं. सव्वीस माणसं गेली. तू हल्ली बसने जात नसशील, असं धरून चाललोय. पुलावरचा एक शिपाई वाचलाय, तो इस्पितळातून बोलला. म्हणाला, पाच जण आले, कागदपत्रं बरोबर होती, तरी मन घेत नव्हतं. म्हणून विचारलं, तिसरीची कविता म्हणा. हल्ली आम्ही हे विचारतो, परक्याला ती येत नाही. त्यांनी म्हटली. उलट मला हसूच आलं, म्हणाला, आणि मी सोडलं.

हसू कशाचं आलं ते त्याने सांगायच्या आत मी रेडिओ बंद केला.

दादा

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

रेडिओ बंद केला म्हणून बातमी थोडीच बंद होते? हसू कशाचं आलं होतं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टेशनांवर होतं. पाचही जण दुसऱ्या ओळीनंतर थांबले, कठड्यावर बोटाने टक् केलं आणि मग पुढची ओळ म्हणाले. शिपायाला वाटलं, कुठल्याशा शाळेची गंमत असेल.

ती कुठल्या शाळेची ते कोणीतरी ओळखलं. मग आपल्या गावात ट्रक आले. शाळेच्या आवारात रांगा लावून एकेकाला कविता म्हणायला लावली. जे थांबले त्यांना एका बाजूला, जे थांबले नाहीत त्यांना दुसऱ्या. त्रेसष्ट माणसं उचलली. त्यात एक ऐंशीची म्हातारी होती. तिला म्हणे बजावलं होतं की आजी, थांबू नका, सरळ म्हणा. पण जिभेला सवय, ती थांबलीच.

आणि त्या पाच जणांना शिकवणारा म्हणून धरला कोण, तर 'निवृत्त शिक्षिकेचा मुलगा, चष्म्याच्या काचा घासण्याचं दुकान'. मी दोनदा ऐकलं. गल्लीचं नावही तेच. दोन वर्षांचा असतानाचा त्याचा फोटो तू धाडला होतास. त्यात तो तुझा चष्मा घालून बसलाय, नाकावरून घसरलेला.

आता सांगायलाच हवं. त्यांना शिकवणारा मी.

गावाबाहेर बंद पडलेला जनावरांचा दवाखाना आहे. रोज दहा वाजता गाडी येते आणि मला तिथे नेते. गाय उभी करून तपासायचं ते पत्र्याचं टेबल, ते माझं टेबल. भिंतीवर काळा रंग मारलाय, तो फळा. समोर सहा-सात जण, सगळे पंचविशी-तिशीचे. नावं विचारायची नाहीत असा नियम, म्हणून मी त्यांना धंद्यावरून हाक मारतो: न्हावी, ड्रायव्हर, सुतार. खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, हे दुभाषे आहेत, पलीकडच्या लोकांसारखं बोलता आलं पाहिजे. चहाला नाही कसं म्हणतात, बसमध्ये जागा कशी मागतात, शिव्या कुठल्या देतात. शिव्या उच्चारायला माझी जीभ वळेना. शेवटी फळ्यावर लिहिल्या आणि पाठ फिरवून उभा राहिलो. वर्गाने त्या अशा काही सुरात वाचल्या की मला शुद्धलेखनाचा तास आठवला. एकदा मी आगीनगाडी म्हणालो, तर न्हावी विचारतो, मास्तर, तिकडे गाड्या अजून कोळशावर चालतात का?

दुभाषे, असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, पहिला आठवडाभर वाटत होतं. मग एक दिवस न्हाव्याने उकाड्याने सदरा काढला. त्याच्या उजव्या खांद्यावर बंदुकीच्या दस्त्याचा काळानिळा वळ होता. दुभाष्याच्या खांद्यावर वळ कसला? मी दुसऱ्या दिवशीही दहा वाजता तयार होऊन बसलो होतो.

पण त्या थांबण्याबद्दल एक ऐक. ते मी मुद्दाम शिकवलं. खूण म्हणून. तुमच्या शिपायाला शंका यावी आणि त्यांना तिथेच धरावं म्हणून. शिपाई हसला, त्याला मी काय करू?

दादा

४ मार्च

भिंगरी,

साहेबांकडे गेलो होतो. वयाने माझ्या मुलासारखे आहेत, बोलणं मऊ, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. शिकवून घसा बसला की मला देतात. मी म्हणालो, पलीकडे धरलेला चष्मेवाला माझा सख्खा भाचा आहे, त्याचा यात काही संबंध नाही, कुठून तरी तेवढं कळवा.

त्यांनी कपाटातून एक कागद काढला. मी या देशाचा नागरिक झालो तेव्हा भरलेला. माझंच अक्षर, वळणदार, बाईंनी घोटून घेतलेलं. 'पलीकडे नातेवाईक : कोणी नाही.'

"मग हा भाचा कुठून काढलात, मास्तर?"

तेव्हा ते लिहिलं नसतं तर नोकरी गेली असती. लग्न ठरलं होतं. मला वाटलं, कागदावरची ओळ ती, तिला कोण विचारतंय? वीस-एकवीस वर्षांनी ती कशी कोण जाणे तुझ्यापर्यंत पोचली, आणि तू लगेच लिहिलंस, तुला बहीण नाही असं कळलं, तर मलाही भाऊ नाही. बघ, लिहिली शेवटी ती ओळ.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला बसवलं, गोळी दिली. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. पाच माणसांनी जे झालं नसतं ते तुमच्या त्या थांबण्याने झालं. ते आता आपल्याच माणसांना उचलतायत, शेजारी शेजाऱ्याकडे बघेनासा झालाय. आम्हाला हे सुचलंही नसतं. तुम्हाला आणखी कुठल्या गावाची अशी खोड ठाऊक आहे का? एखादं गाणं, मोजायची रीत, काहीही.

मी म्हणालो, आठवत नाही. "आठवेल," ते म्हणाले. "तुम्हाला जुनं छान आठवतं."

खरं म्हणजे आठवतं. नदीकाठच्या शाळेतली मुलं पाढे म्हणताना नऊ आला की कशी झुलायची तेही आठवतं. आयुष्यभर मी या आठवणी उराशी धरून बसलो. या म्हातारपणी त्यांच्याशिवाय माझ्याजवळ होतं काय? आता एखादी नुसती मनात आली तरी धडकी भरते. कुणाच्या दारात ट्रक उभा करायचा ते माझ्या आठवणीवर ठरणार.

त्या दिवसापासून माझ्या जिन्याखाली एक माणूस स्टुलावर बसलेला असतो. सोबतीला, असं साहेब म्हणतात. दूध आणायला गेलो तर मागून येतो. पिशवीही धरतो बिचारा.

मागच्या पत्रात तुला एक खोटं लिहिलं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. फळ्यापुढे उभा राहिलो, पहिल्या दोन ओळी म्हटल्या आणि हात आपोआप वर गेला. सहाही जण गप्प झाले. त्या गप्प खोलीत मला ती वखार ऐकू आली, भिंगरी. इतकी वर्षं इथल्या पोरांना शिकवलं, पण कधी कोणी माझ्यासाठी असं थांबलं नव्हतं. मी टेबलावर टक् केलं, त्यांनी केलं. मला सुख झालं. बस, एवढंच. सव्वीस माणसं गेली, तुझा मुलगा कोठडीत गेला, आणि त्यामागे कुठलाही डाव नव्हता. एका म्हाताऱ्याला बरं वाटलं, एवढंच होतं.

दादा

१५ मार्च

भिंगरी,

दहा एप्रिलला निकाल. सरकारी वकिलाने फाशी मागितलीय.

तुझा मुलगा तेव्हाच सुटेल, जेव्हा न्यायाधीशांना कळेल की खरा मास्तर पुलाच्या या बाजूला आहे. मी कळवायचं कसं? टपाल बंद, फोनवर कान, जिन्याखाली सोबत. मी सगळ्या वाटा मनातल्या मनात चालून पाहिल्या. इथून पलीकडे जाणारी माणसं एकाच जातीची, माझे विद्यार्थी.

सुतार अठरा तारखेच्या तुकडीत आहे. तो खरोखरीचा सुतार आहे, डाव्या हाताचं एक बोट रंध्याने नेलेलं. कविता शिकताना बाकीच्यांनी नुसतं थांबायचं ते पाठ केलं. यानेच विचारलं होतं, मास्तर, लाकूड कुठलं होतं? मऊ लाकडाला एवढा वेळ लागत नाही. मला सांगता आलं नाही. साठ वर्षं तो आवाज कानात घेऊन फिरतोय आणि लाकूड कुठलं, हा विचार कधी मनातही आला नव्हता.

खडू संपले म्हणून त्याला घेऊन औषधांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ही पत्रं लिहितो ती वही दाखवली. तुकडीबरोबर जाऊ नकोस, पुलावर वेगळा हो, हात वर कर आणि ही त्यांच्या हाती दे.

"ते गोळी घालतील," तो म्हणाला.

"घालतीलही."

"आणि नाही घातली, तर इकडे माझ्या पोरींचं काय?"

तो खडूचा खोका घेऊन वर्गात निघून गेला. त्या दिवशी मी काय शिकवलं, देव जाणे.

दोन दिवसांनी तोच खडू आणायला उठला. तिथे हलक्या आवाजात सांगितलं की पोरी आणि त्यांची आई मावशीकडे पोचल्या, दूर, तिसऱ्याच देशात. मग त्याच्या भावाचं सांगितलं. तुमच्या शिपायांनी त्याला असाच नुसत्या संशयावरून नेला होता, म्हणून तर हा इथे येऊन बसला. म्हणाला, माझ्या भावासाठी कुणी असं दोन पानं लिहून दिलं असतं तर तो जगला असता. द्या ती वही.

मी शेवटच्या पानांवर कबुलीजबाब लिहिलाय. वर्ग, दवाखाना, साहेब, गाडीचा नंबर, दिवसाचे तास. आणि मी कोण तेही. मी तुझा भाऊ, याच शाळेचा विद्यार्थी, म्हणून ते थांबणं मला माहीत. त्याशिवाय कोणाला पटणार? तुझं नाव त्यात आलं आहे. माफ कर. चाळीस वर्षांपूर्वी जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं नाही, ते आता लिहिलं.

पुन्हा मी एका माणसालाच पुलावर धाडतोय. हे माझ्या लक्षात येत नाही असं समजू नकोस.

दादा

२ जून

भिंगरी,

हे पत्र न्यायला कोणी नाही. तरी रिकामं बसवत नाही.

सुतार जिवंत आहे, तुमच्या तुरुंगात. बाकीचे तिघे पुलाच्या अलीकडूनच माघारी पळाले. अकरा एप्रिलला सकाळी सातच्या बातम्यांत ऐकलं, वही कोर्टात वाचून दाखवली, तुझा मुलगा निर्दोष, त्रेसष्टच्या त्रेसष्ट सोडले. मी उभा राहून ऐकलं. मग शेगडीकडे वळलो. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती.

आठ वाजता साहेब आले. मी कपडे घालून तयार होतो, म्हटलं आता नेतील. त्यांनी पेपरमिंटची गोळी पुढे केली. म्हणाले, आमच्या सरकारने पत्रक काढलंय. असा दवाखाना नाही, असा वर्ग नाही, या नावाचा मास्तर आमच्या देशात कधी नव्हता. तेव्हा तुम्हाला अटक कशी करणार? जो नाहीच त्याला?

बरोबरच्या माणसाने दारावरची पाटी पेचकसाने काढली. रेडिओ नेला. पेन्शनचं पुस्तक, ओळखपत्र, नागरिकत्वाचा तो जुना कागदही. जिन्यातून शेजारी बघत होते. माझ्याबरोबर तीस वर्षं बुद्धिबळ खेळलेला शेजारी साहेबांना म्हणाला, हो, ही खोली पहिल्यापासून रिकामीच आहे. त्याचा राग येत नाही. असलं मीही एकदा सही करून दिलंय.

तेव्हापासून बाहेरून कुलूप. जेवणाचा डबा एक वाजता येतो. खिडकीला गज आहेत आणि गजांमधून समोरच्या गोदामाची मागची भिंत दिसते. मी आता कविता म्हणत नाही. पण दिवस मावळला की एक सुख मनात येतं आणि मी ते येऊ देतो. तुझ्या घरी संध्याकाळी दिवा लागला असेल, तो काचा घासत बसला असेल आणि तू त्याला जेवायला हाक मारत असशील. त्या घरात माझं नाव कोणी काढत नसेल. न काढेनात. ताट तर वाढलेलं आहे.

कुलूप वाजलं. अकराच तर वाजलेत.

पुढचं लिहितोय ते घाईने, तो आत न्हाणीघरात तोंड धुतोय तेवढ्यात.

दारात डबेवाला नव्हता, साहेबही नव्हते. तिशीचा एक माणूस होता, हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं, चुकून आला. मग त्याने मान वर केली, तर हनुवटी थेट आपल्या बाबांची.

"मामा ना?" तो म्हणाला.

मी विचारलं, तुला पळवून आणलं का? नाही म्हणाला. पुलावरून स्वतःच्या पायांनी आलो. आत येऊन बसला, पाणी मागितलं, दोन पेले प्यायला. विचारेन तेवढंच सांगत होता. कोर्टाने सोडलं, पण वही सगळ्या पेपरांत छापून आली. आधी लोक म्हणायचे, बिचाऱ्याला उगाच धरलाय. आता म्हणतात, मामा तिकडचा मास्तर आणि भाच्याला ठाऊक नव्हतं होय? दुकानाच्या काचा दोनदा फोडल्या. ज्यांना माझ्याबरोबर उचललं होतं ते तर तोंडावर थुंकले. बस स्थानकावर ज्यांची माणसं गेली ती रोज सकाळी घरासमोर येऊन उभी राहतात. बोलत नाहीत, नुसती उभी राहतात. तुझं विचारलं तर म्हणाला, आई खिडक्या लावून बसते. मी निघालो तेव्हा तिने अडवलं नाही, कुठे म्हणूनही विचारलं नाही.

पुलाच्या या टोकाला मात्र माणसं न्यायला आली होती, म्हणाला. गाडी होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी बसा म्हणालं.

मी त्याचे दोन्ही हात धरले. म्हटलं, बाळा, ऐक. ही माणसं गोड बोलतात. यांच्याकडून काही शिकू नकोस. मी तर तुला एक अक्षर शिकवणार नाही, जीव गेला तरी. तू काही शिकला नाहीस तर ते तुला पुलावर पाठवू शकणार नाहीत.

त्याने हात हळूच सोडवून घेतले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि परत घातला.

"मी शिकायला नाही आलो, मामा," तो म्हणाला. "उद्यापासून वर्ग मी घेणार आहे."